श्रद्धेचा रकाना

काकांना घरी जेवायला बोलावलं की ते आधी टेबलाखाली जात. आम्ही इकडे परदेशात, नोव्हाय गावात घर घेतलं आणि पहिलं जेवण त्यांना दिलं, तेव्हा ताटं मांडलेली असताना हा सत्तरीचा माणूस गुडघे टेकून खाली शिरला. त्याने स्क्रू पाहिले, नखाने फळी खरवडली आणि तिथूनच माझ्या बायकोला सांगितलं, "अगं, हे लाकूड नव्हे, भुसा दाबून बसवलाय. पाय मात्र प्रामाणिक आहेत." मग वर येऊन हात धुतले आणि तीन वेळा आमटी मागून घेतली. आमटीची किंमत त्यांनी काढली नाही. जे मनापासून आवडायचं त्याची किंमत ते काढत नसत, हे मला पुढे कळलं.

बाकी सगळ्याची काढत. तो त्यांचा धंदाच होता. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं. दुसऱ्या कंपनीची नवी गाडी विकत आणायची, तिचा खिळा न् खिळा सुटा करून लांब टेबलांवर मांडायचा आणि प्रत्येक तुकड्यासमोर लिहायचं, हा बनवायला किती लागले असतील. सगळ्याची बेरीज करायची आणि ती गाडीच्या किमतीतून वजा करायची. जे उरेल ते कशाचं, ते शोधायचं. निवृत्त झाले तरी हात थांबले नाहीत. जवळच्या ट्रॉय गावातल्या एका हॉटेलात डोसा समोर आला की म्हणायचे, "तांदूळ, उडीद, बटाटा, गॅस, आचाऱ्याचा पगार, जागेचं भाडं. हे झालं निम्मं. उरलेलं निम्मं आपण घरापासून लांब आहोत त्याचं." आणि मग तो डोसा शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचे.

मी व्हिसावर या देशात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगा पश्चिम किनाऱ्यावर, वर्षातून एकदा यायचा. मी मुळात कमी बोलणारा आणि काका दोघांपुरतं बोलणारे, त्यामुळे आमचं जमलं. त्यांच्या स्वयंपाकघरात सुताराची चपटी पेन्सिल आणि पिवळ्या कागदांची वही कायम असे. चहा होईपर्यंत ते टोस्टरचा हिशेब करत. चहा झाला की माझा.

"तुझी कंपनी तुला दर तासाला किती देते ते सांगू नकोस. तुला हाकलून द्यायला तिला किती लागतात ते सांग."

"फुकट हाकलतील, काका. ग्रीन कार्डची फाइल त्यांच्याच हातात आहे."

"मग तुझी खरी किंमत तेवढीच आहे. बाकी बोनस."

स्वतःची सगळी पुंजी त्यांनी पुण्यातल्या एका बँकेत रुपयांत ठेवली होती. डॉलरमध्ये कमवायचं, रुपयांत ठेवायचं. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून. रुपया घसरत होता आणि काका ढिम्म. विचारलं तर म्हणत, "ज्या भाषेत शिव्या देतो त्याच चलनात पैसे ठेवतो. दोन्ही वेळेला मनापासून होतं."

आता सभेबद्दल सांगतो, कारण मला जे सांगायचं आहे ते तिथेच घडलं.

इथल्या मराठी माणसांच्या मंडळाची मराठी शाळा रविवारी भरे, भाड्याने घेतलेल्या एका शाळेच्या इमारतीत. पोरं वर्गात क ख ग गिरवत आणि आईबाप कॅफेटेरियात ताटकळत बसत. काकांना नात नव्हती, नातू नव्हता, पण ते दर रविवारी हजर, आणि त्यांच्यासोबत मीही. ताटकळलेली माणसं वाया जातात म्हणून त्यांनी वादसभा सुरू केली. विषय पैशाचेच. एखाद्या देशाने स्वतःचं चलन ठेवावं की डॉलर घ्यावा? एवढ्या देशांनी मिळून एक चलन करण्यात शहाणपण की आळस? आणि त्या दिवसांत सगळ्यांच्या जिभेवर असलेला विषय म्हणजे टेक कंपन्यांच्या शेअरची किंमत खरी की फुगवलेली?

सभेचा नियम एकच होता आणि तो जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. बोलायला उठायचं, आधी आपल्याकडे काय आहे ते उघड सांगायचं आणि मग त्याच्या विरुद्ध बाजूने बोलायचं. ज्याच्याकडे शेअर आहे त्याने तो भिकार कसा ते पटवायचं. ज्याच्याकडे नाही त्याने तो घ्यावाच का, ते सांगायचं. पहिल्या भागाला काका 'मूठ उघडणं' म्हणत. "आधी मूठ, मग तोंड," असं दटावत. त्यांचं म्हणणं होतं की आपल्या मालाची खोट आपल्यालाच सगळ्यात चांगली माहीत असते, फक्त ती बोलायला कुणी भाग पाडत नाही.

अनघाची आणि त्यांची जुंपली की वर्गातल्या बाई दार लावून घेत. अनघा नागपूरची, माझ्याच कंपनीत टेस्टिंगला होती, तिची मुलगी शाळेत यायची. दर रविवारी ती काकांसाठी डब्यात गोळाभात आणायची आणि तो हातात देतादेताच भांडण सुरू करायची. चलनाच्या वादात तर दोघांची मोठी गंमत व्हायची. काकांनी मूठ उघडली, "सगळं रुपयांत, पुण्यात," की हशा. ट्रॉयहून येणारे एक दातांचे डॉक्टर ओरडत, "काका, बुडत्या नावेत बसलात!"

"नाव माझी आहे, डॉक्टर. तुम्ही बसलाय ती मोठी आहे, पण नावाडी निवडताना तुम्हाला कोण विचारतं? अर्ध्या सभेला इथे मताचा हक्क नाही!"

एवढं बोलून झालं की नियमाप्रमाणे तेच काका उलटे वळत. "चलन म्हणजे झेंडा नव्हे, ब्रेक आहे. ज्या सरकारला ब्रेक लावता येत नाही त्याने स्वतःची गाडी चालवूच नये. दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसावं, पट्टा लावावा आणि गप्प राहावं."

अनघाचे पैसे डॉलरमध्ये, त्यामुळे तिला रुपयाची बाजू घ्यावी लागे. "मागच्या सीटवर बसलं ना काका, की उलटी होते! गाडी कुठं चालली ते ड्रायव्हर ठरवणार. त्यांच्याकडे थंडी म्हणून हीटर लावणार आणि आम्ही नागपूरच्या मे महिन्यात शिजून राहिलो!"

"उत्तम!" काका टाळी वाजवत. "चूक आहे, पण उत्तम!"

एकदा तिची मुलगी वर्ग सुटून धावत आली आणि तिने विचारलं, "आई, व्हाय इज आजोबा येलिंग अ‍ॅट यू?" काका म्हणाले, "कारण हिच्याशी भांडल्याशिवाय माझा आठवडा सुरू होत नाही. मराठीत विचार, तर अजून सांगतो."

अनघाचे आईवडील नागपुरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती. वडिलांचे गुडघे संपले होते. तिने त्यांच्यासाठी तळमजल्यावरचा एक फ्लॅट पाहून ठेवला होता. बिल्डरने काही महिन्यांची मुदत दिली होती. पैसे येणार होते कंपनीच्या शेअरमधून. आमची कंपनी बिनड्रायव्हरच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर बनवायची, नुकतीच बाजारात उतरली होती आणि शेअर असा चढत होता की ऑफिसात लोक जिन्यावरून उतरताना फोनकडे बघत. पगारासोबत आम्हाला शेअर मिळत. अनघाचं गणित आमच्यासारख्यांनाच सुचेल असं होतं. थांबलं तर शेअर वर जाणार, तोपर्यंत रुपया खाली जाणार. दोन्हीकडून फायदा. तळमजल्याऐवजी बागेसकट तळमजला.

त्याच दिवसांत एका शनिवारी दुपारी मी काकांकडे गेलो होतो. म्हटलं, "काका, आमची कंपनी उलगडून दाखवा ना."

त्यांनी कंपनीचा छापील वार्षिक अहवाल मागितला. तो सगळ्या जगाला मिळत होता, त्यात गुपित काही नव्हतं. चपटी पेन्सिल घेऊन त्यांनी टेबलावर रकाने आखले. इमारती. यंत्रं. बँकेतली रोकड. सह्या झालेले करार. "तुम्ही सगळे," असं म्हणून त्यांनी इंजिनियरांचाही एक रकाना केला आणि आम्हाला चांगली उदार किंमत लावली. मग बेरीज केली आणि ती बाजारातल्या किमतीतून वजा केली. उरलेल्या आकड्यासाठी शेवटचा रकाना. त्याच्या माथ्यावर त्यांनी लिहिलं, 'श्रद्धा'.

तो रकाना बाकी सगळ्या रकान्यांच्या कितीतरी पट होता.

"श्रद्धा वाईट नसते," काका म्हणाले. "प्रत्येक गाडीत थोडी असतेच. पण इथे गाडी कमी आणि श्रद्धा जास्त आहे."

"म्हणजे विकावे?"

"मी किंमत सांगतो. विकायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं."

कंपनी ज्या दिवसांत विक्रीची मुभा द्यायची ते दिवस आले आणि मी सगळे शेअर विकले. एकही ठेवला नाही. हे मी फक्त बायकोला सांगितलं. ऑफिसात शेअर विकणं म्हणजे निघायची तयारी असा अर्थ लावत. माझा बॉस मराठी होता, त्याचा मुलगाही रविवारच्या शाळेत यायचा आणि माझं ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यावर होतं. मी घाबरलो होतो. ही सबब नव्हे, तेव्हा काय होतं ते सांगतोय.

दोन रविवारांनी सभेचा विषय ठरला, आमचीच कंपनी. हिची किंमत खरी का?

काकांकडे एकही शेअर नव्हता, म्हणून त्यांना बाजू मांडावी लागली ती शेअरच्या भरवशाची. आणि काका काय बोलले म्हणता! स्वतःच्या रकान्यांविरुद्ध बोलले. पहिली मोटार आली तेव्हा घोडेवाल्यांनीही असेच हिशेब मांडले असतील, म्हणाले. माझा बॉस खूश होऊन बाकावर थापा मारत होता.

मग मी उठलो. मूठ उघडायची वेळ आली. खरं सांगितलं असतं, "विकले," तर नियमाने मलाही शेअरचीच तारीफ करावी लागली असती आणि बॉससमोर विकल्याची कबुली झाली असती. मी म्हणालो, "सगळे आहेत. एकही विकलेला नाही."

आणि नियमाप्रमाणे विरुद्ध बोललो. काकांचा कागद मला पाठ होता. एकेक रकाना मांडला, शेवटचाही मांडला. माझ्या आयुष्यात मी इतकं मनापासून कधी बोललो नाही. प्रत्येक शब्द खरा होता, आणि लोक हसत होते, कारण नियमाने ते नाटक होतं. माझं बोलणं खोटं समजायचं आणि माझी मूठ खरी. डॉक्टर म्हणाले, "वा! स्वतःच्याच लग्नात मोडता घालतोय!" बॉसने पाठ थोपटली.

पोरं सुटायच्या आधी कॉरिडॉरमध्ये अनघाने मला गाठलं. हसत नव्हती.

"ए, सभा जाऊ दे. तू खरंच ठेवून राहिलास ना सगळे?"

"हो."

"बिल्डर मागे लागून राहिला रे. पण तू ठेवलेस म्हणजे... तू काही उगाच ठेवणाऱ्यातला नाहीस."

माझी ख्यातीच ती होती, हा बोलत नाही, पण विचार करून करतो. तिने त्या ख्यातीवर विश्वास टाकला. बॉस तेव्हा पार्किंगमध्ये पोचला होता. कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच होतो. तिथे खरं सांगायला काहीच अडचण नव्हती, आणि हेच कुठल्या रकान्यात ठेवावं ते मला आजवर कळलं नाही.

शेअर उन्हाळ्यात पडला. एकदम नाही. रोज थोडा, आणि रोज कुणीतरी म्हणे, उद्या वर येईल. अनघा थांबली. मुदत संपली. बिल्डरने फ्लॅट दुसऱ्याला दिला. वडील तिसऱ्या मजल्यावरच राहिले आणि हळूहळू त्यांनी खाली उतरणं सोडलं. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, असं ती सांगायची.

शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्या रविवारी अनघा डबा न घेता आली. सभा सुरू व्हायच्या आत उभी राहिली.

"काका, तुम्ही त्या दिवशी तासभर सांगितलं की शेअर वर जाणार. तुम्हाला पटत होतं का ते?"

"नाही."

"मग आमच्याशी खेळ करून राहिले होते? लोकांचे आईबाप असतात तिकडे. तुमचं काय जातं, तुमचं सगळं पुण्यात!"

काका उठले. मला वाटलं, नियम समजावून सांगतील. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी नियम केला तेव्हा मला वाटलं, माणसं दोन्ही बाजू ऐकतील. खरं बोलणंसुद्धा नाटकासारखं ऐकू येईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ही खोट माझ्या मालातली. मी तुझी माफी मागतो, आणि सभा आजपासून बंद."

माझ्या हातात पोह्यांची प्लेट होती. मी माझ्या प्लेटकडे बघत होतो. मूठ फक्त एकाने खोटी उघडली होती आणि ते तिथे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. नियमात खोट नव्हती. मी उठून एवढं एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी लिंबू पिळलं.

अनघा पुढच्या वर्षी नोकरी बदलून लांब अ‍ॅशबर्नला गेली. काका पुढेही रविवारी शाळेत येत, बाकावर बसत, कुणी काही विचारलं तर उत्तर देत. सभा पुन्हा भरली नाही. लोक म्हणायचे, म्हातारा विक्षिप्त होता, पण एकदा त्याच्यामुळे एका पोरीचं नुकसान झालं. मीही ते ऐकून मान हलवली आहे.

पाच वर्षं गेली. ग्रीन कार्ड आलं. मी पन्नाशीला पोचलो. यंदा मार्चमध्ये काकांच्या गराजमध्ये बर्फ हटवायचं यंत्र दुरुस्त करत होतो. म्हणजे मी बॅटरी धरली होती आणि ऐंशी पार केलेले काका यंत्राच्या पोटात हात घालून बसले होते. मी सांगून टाकलं. विकल्याचं, मुठीचं, कॉरिडॉरचं. पाच मिनिटंही लागली नाहीत. इतकी वर्षं मी ज्याला डोंगर समजत होतो ते पाच मिनिटांचं बोलणं होतं.

काकांनी हात बाहेर काढला. "सगळे विकलेस?"

"सगळे."

"माझ्या कागदावरून?"

"हो."

"विकलेस ते बरोबर केलंस." चिंधीने ते एकेक बोट पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पोरीला मी दर दिवाळीला फोन करतो. उचलत नाही. मला वाटायचं, माझा हिशेब कुठे चुकला? पुन्हा पुन्हा मांडून बघायचो. एक तुकडा कमीच पडायचा."

"काका, मला माफ—"

"माझ्यापाशी काय कबूल करतोस? फ्लॅट माझा गेला का? बॅटरी नीट धर."

त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही.

घरी न जाता मी त्यांच्याच ड्राइव्हवेत गाडीत बसून अनघाला फोन केला. तिने ओळखलं, आनंदाने "काय म्हणतोस!" म्हणाली, आणि मी तिला ते सगळं सांगितलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हणजे तू सभेत जे बोललास ते खरं होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि मला कॉरिडॉरमध्ये जे म्हणालास ते खोटं."

"हो."

"काकांना हे कधी सांगितलंस?"

"आज. अर्ध्या तासापूर्वी."

"म्हणजे त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्यांना बोलून राहिले होते, आणि तू तिथे बसून होतास."

"हो."

"पोहे खात."

मला वाटलं नव्हतं की तिने ते पाहिलं असेल. ती म्हणाली, "माझे बाबा अजून गॅलरीत बसून आहेत. ते तुझ्यावर टाकत नाही मी. विकायचे की नाही, हे माझं मी ठरवायला पाहिजे होतं. पण त्या म्हाताऱ्याचा फोन मी पाच वर्षं कट केला." आणि तिने माझा कट केला.

मी परत फोन केला नाही. माफी मिळावी म्हणून सांगितलं नव्हतं, असं मी स्वतःला बजावत होतो, आणि रोज फोन बघत होतो.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी काकांचा फोन आला. आवाज तरतरीत होता.

"अनघा आलीय. काल फ्लाइटने आली, मुलीला घेऊन. पोरगी केवढी झालीय!"

"मी येऊ?"

"नको. ती म्हणते, तू येऊ नकोस. मलाही पटतं ते. पुढे कधी म्हणाली तर मीच सांगेन तुला."

"बरं, काका."

त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता बाजूला टाकला असावा. टेबलावर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग लांबून अनघा मोठ्याने बोलू लागली, कुठल्याशा देशाने आपलं चलन सोडलं तो मूर्खपणा कसा होता, आणि काका तिला मध्येच तोडून ओरडले, आणि ती त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडली. मला शब्द नीट कळत होते. आणखी ऐकत राहता आलं असतं.

मी फोन बंद केला.